हातचा एक

टेबलाभोवती सहा माणसं नाश्त्याला बसली आहेत. कॉफी ओतली जातेय. आणखी एक कप देऊ का, शेवटचं अंडं कुणाला हवंय, मार्मलेड इकडे सरकवता का, अशी बोलणी चालू आहेत. सगळं अगदी शिष्टाचाराला धरून. थोड्याच वेळापूर्वी याच घराच्या आवारात एक प्रेत सापडलंय आणि सहाही जणांना पक्कं ठाऊक आहे की खुनी याच टेबलाशी बसून ब्रेडला लोणी लावतोय.

अगाथा ख्रिस्तीच्या ‘अँड देन देअर वेअर नन’मधलं हे अकरावं प्रकरण. कादंबरी १९३९ ची. इंग्लंडमध्ये ती ज्या नावानं निघाली त्यात एक वर्णद्वेषी शब्द होता. तो त्या काळच्या एका बडबडगीतातून आलेला होता. अमेरिकेत १९४० मध्ये पुस्तक निघालं तेव्हाच नाव बदललं आणि आज जगभर तेच चालतं. बेट आणि गाणंही आता ‘सोल्जर’ झालंय. दहा अनोळखी माणसं एका बेटावर बोलावली जातात आणि एकेक करून दहाही मरतात. एवढं तर पुस्तकाच्या नावातच सांगून टाकलंय, त्यामुळे ते इथे लिहिण्यात पाप नाही. खुनी कोण ते मात्र सांगणार नाही. बाकीची यंत्रणा उघडून दाखवायची म्हणजे काही तपशील फुटणारच. ज्यांना कोऱ्या मनानं वाचायचंय त्यांनी आधी पुस्तक वाचावं. दोन-तीन बैठकांत संपतं.

या कादंबरीची पकड कशात आहे, यावर सहसा ‘शेवटपर्यंत कळतच नाही हो कोण ते’ असं उत्तर मिळतं. ते अर्धंच खरं आहे. शेवटपर्यंत न कळणाऱ्या कादंबऱ्या पैशाला पासरी आहेत. त्यातल्या बहुतेक एकदा वाचून रद्दीत जातात. ही खुनी माहीत असूनही पुन्हा वाचता येते, कारण तिचं भय अंधारातून येत नाही, हिशोबातून येतं. ती एक वजाबाकी आहे आणि आपण ती उदाहरण मांडल्यापासून पाहत बसलेलो असतो.

मांडणी बघा. घरातल्या प्रत्येक झोपायच्या खोलीत एक बडबडगीत चौकटीत लावलंय. दहा छोटे शिपाई जेवायला गेले, एकाला ठसका लागला, राहिले नऊ. नऊ जण रात्री उशिरापर्यंत जागले, एक उठलाच नाही, राहिले आठ. असं शून्यापर्यंत. जेवणाच्या टेबलावर मधोमध चिनी मातीच्या दहा बाहुल्या. प्रत्येक मृत्यूनंतर एक गायब. म्हणजे वाचकाला किती मरणार ते माहीत, कोणत्या क्रमानं ते साधारण माहीत, कसे तेही गाण्यात लिहिलेलं. फक्त कुणाचा नंबर कधी आणि हात कुणाचा, एवढंच झाकलेलं. साधी रहस्यकथा माहिती दडवून उत्सुकता वाढवते. इथे उलट आहे, वेळापत्रक आधीच भिंतीवर टांगलंय. गाडी येणार हे नक्की आणि आपण रुळावरून हलू शकत नाही.

बाहुल्यांचं काम नुसतं शोभेचं नाही. गाणं ठरलेलं आहे, ते हलत नाही. बाहुल्या म्हणजे चालता आकडा. अनेकदा प्रेत सापडायच्या आधी किंवा लगेच नंतर कुणीतरी टेबलाकडे बघतो आणि मोजतो. पुढे पुढे तर वाचकालाही मोजायची सवय लागते. शिवाय प्रत्येक बाहुली उचलताना खुन्याला धोका पत्करावा लागतो. मारून झाल्यावर पुन्हा जेवणाच्या खोलीत यायचं, कुणी बघत नसताना हात लांबवायचा. व्यवहारी खुनी हे कधीच करणार नाही. म्हणजे हा माणूस नुसता मारत नाहीये, काहीतरी मांडून दाखवतोय. हे वाचकाच्या मनात कुणी न सांगता उतरतं.

आता थोडी आकडेमोड. दहा माणसं एकमेकांवर संशय घेणार असतील तर जोड्या होतात ४५. नऊ उरली की ३६, मग २८, २१, १५. नाश्त्याच्या टेबलाशी सहा आहेत तेव्हा १५ जोड्या. पाच झाले की १०, चार झाले की ६, तीन उरले की ३ आणि दोघं उरले की एक. कादंबरीच्या सुरुवातीला संशय एवढा पातळ पसरलेला असतो की कुणी कुणाकडे नीट बघतही नाही. माणसं कमी होतात तसा तो आटत जातो, बासुंदीसारखा. शेवटच्या दोघांजवळ तो एवढा घट्ट होतो की विचार करायला जागाच राहत नाही: मी नाही, म्हणजे तूच. गंमत अशी की हा निष्कर्ष तर्कशास्त्राच्या नियमाप्रमाणे अगदी बरोबर असतो. फक्त मुळात मोजलेला एक आकडा चुकलेला असतो.

ही वजाबाकी चालायची तर भांडं गळता कामा नये. रहस्यकथा लिहिणारे सर्वांत जास्त इथेच मार खातात. वाचक पाचव्या पानावर विचारतो, ‘मग हे निघून का जात नाहीत?’ आणि लेखकाकडे उत्तर नसतं. ख्रिस्तीनं एकेक भोक बुजवलंय. डेव्हनच्या किनाऱ्यावर बिगबरी-ऑन-सी गावासमोर बर्ग आयलंड नावाचं खरं बेट आहे. कादंबरीची प्रेरणा तेच मानली जाते. पण त्या बेटावर ओहोटीला वाळूतून चालत जाता येतं. तसं ठेवलं असतं तर दुसऱ्याच दिवशी सगळे पायजमे वर करून घरी गेले असते. म्हणून कादंबरीतलं बेट समुद्रात पुढे सरकलं. तिथे जायला होडीच लागते. होडीवाला रोज सकाळी यायचा तो येईनासा होतो, कारण त्याला तसं सांगून ठेवलेलं आहे. मग वादळ. पण वादळ काही कायम टिकत नाही. आणि किनाऱ्याकडे इशारे करता येतात, आरसा चमकवता येतो. हे भोकही बुजवलंय: बेटाच्या मालकाच्या माणसानं गावात आधीच पसरवून ठेवलंय की बेटावरच्या मंडळींनी आठवडाभर निर्जन बेटावर राहायची पैज लावली आहे, तेव्हा काही इशारे दिसले तरी तिकडे लक्ष देऊ नका. एका वाक्यात मदतीचा मार्ग बंद. होडी फोडावी लागली नाही, तार कापावी लागली नाही.

दुसरं भोक म्हणजे ‘बाहेरचा कुणीतरी लपलाय’. १९२९ मध्ये रोनाल्ड नॉक्स या पाद्र्यानं, जो स्वतः रहस्यकथा लिहायचा, या खेळाचे दहा नियम लिहून काढले होते. त्यातला एक असा की गुप्त खोली किंवा भुयार एकापेक्षा जास्त असू नये. ख्रिस्तीनं तेवढीही सवलत घेतली नाही. घर नवं, सरळ भिंतींचं, भरपूर उजेडाचं. तिघं पुरुष अख्खं बेट पालथं घालतात, दोर बांधून कड्याखाली उतरून बघतात. नुसता खडक. मग घर बघतात. कुणी नाही. हे सगळं कादंबरीच्या मध्याच्या आतच उरकून घेतलंय. पडक्या वाड्यात भुताचा संशय घ्यायला वाव असतो, तोही इथे नाही. लख्ख दिव्यांत सगळे एकमेकांकडे बघतात आणि तेच जास्त वाईट आहे.

आणि मग किल्ल्यांचा प्रसंग. तो जवळून बघण्यासारखा आहे, कारण माणसं किती शहाणपणानं वागतात ते तिथे दिसतं. पाचच जण उरल्यावर ठरतं की सगळी औषधं एकत्र करायची. चांदीची भांडी ठेवायची एक पेटी आहे, तिला कुलूप आहे. सगळं त्यात घातलं. ती पेटी एका कपाटात ठेवली, त्यालाही कुलूप. पेटीची किल्ली पाचांतल्या लोंबार्डकडे आणि कपाटाची ब्लोरकडे. का, तर हे दोघंच सर्वांत धट्टेकट्टे. एकानं दुसऱ्याची किल्ली हिसकायची म्हटली तर ते सोपं नाही आणि उरलेल्या तिघांपैकी कुणालाही दोघांकडून हिसकणं अशक्य. कपाट फोडावं तर आवाज होणार. या व्यवस्थेत खोट काढता येत नाही. एखाद्या सहकारी बँकेच्या तिजोरीला शोभेल अशी आहे. तरीही पुढचा माणूस मरतो, कारण धोका त्या पेटीत नव्हताच.

सामान्य लेखकाच्या हातात अशी कथा गेली की पात्रं मूर्खपणा करतात. मध्यरात्री मेणबत्ती घेऊन एकटंच तळघरात जायचं वगैरे. तिथे वाचकाची सहानुभूती संपते. मरा म्हणावं. इथे माणसं दाराला कडी लावून मुठीखाली खुर्ची अडकवतात. खाण्यात विष असेल म्हणून स्वयंपाक बंद होतो आणि ते सीलबंद डब्यांवर येतात. सगळे कळपानं स्वयंपाकघरात जातात, टंगचा (जनावराच्या जिभेचा) एक डबा आणि फळांचे दोन डबे फोडतात, टेबलाभोवती उभ्या उभ्याच खातात आणि कळपानंच दिवाणखान्यात परत येऊन एकमेकांवर नजर ठेवत बसतात. पहिल्या रात्री याच घरात व्यवस्थित वाढलेलं जेवण, दारू, नोकर, शुभ्र टेबलक्लॉथ होता. तिसऱ्या दिवशी डब्यातली जीभ उभ्यानं. सभ्यतेची साल किती पातळ असते यावर ख्रिस्ती एक अक्षरही खर्च करत नाही. फळांचे दोन डबे पुरतात.

विषांचंही असंच. पहिल्या महायुद्धात तिनं टॉर्कीला हॉस्पिटलच्या औषधखान्यात काम केलं होतं, परीक्षाही दिली होती. त्यामुळे तिच्या पुस्तकात विष हे ‘एक भयंकर जालीम द्रव्य’ कधीच नसतं. त्याला नाव असतं, मात्रा असते आणि असर व्हायला लागणारा वेळ असतो. सायनाइड क्षणात, क्लोरल झोपेत. गाण्यातल्या ‘ठसका’ आणि ‘उठलाच नाही’ या ओळींशी ती तशीच जुळतात.

पण दहा जण नुसते मेले असते तर वाचकाला काय पडलंय? पहिल्याच रात्री जेवणानंतर ग्रामोफोनच्या तबकडीवरून एक आवाज येतो आणि आरोपपत्र वाचायला लागतो. नाव, तारीख, कुणाचा जीव घेतला. ४ जानेवारी १९१७, १४ मार्च १९२५, ६ मे १९२९, अशा कोर्टाच्या थाटात तारखा. डॉक्टरनं दारूच्या अमलाखाली शस्त्रक्रिया केली. जनरलनं बायकोच्या प्रियकराला आघाडीवर मरायला धाडलं. नोकर नवरा-बायकोनं म्हाताऱ्या मालकिणीला वेळेवर औषध मिळू दिलं नाही. गव्हर्नेसनं लहान मुलाला खोल पाण्यात पोहू दिलं. एका बाईनं गरोदर मोलकरणीला हाकललं, पोरीनं जीव दिला. नऊ आरोप, कारण नोकर जोडप्यावर एकच. नावानिशी बळी नऊ आणि लोंबार्डनं आफ्रिकेच्या जंगलात अन्नाशिवाय सोडून दिलेले २१. एकूण ३०. त्या २१ जणांना नावं नाहीत, फक्त आकडा आहे. लोंबार्डला त्याची लाजही वाटत नाही. आज वाचताना ही जागा खुपते आणि खुपलीच पाहिजे.

यातला एकही गुन्हा कोर्टात टिकणारा नाही. ‘मी काही केलं नाही’ असं प्रत्येक जण म्हणू शकतो आणि शब्दशः ते खरंही असतं. औषध दिलं नाही, थांबवलं नाही, सांगितलं नाही. मराठी वाचकाला हे ओळखीचं वाटायला बेटावर जायला नको. मालमत्तेच्या वादात, म्हाताऱ्यांच्या आजारपणात, ‘आम्ही कुठे काय केलं’ हे वाक्य कुठल्याही गावात ऐकू येतं. म्हणून या दहांकडे तिऱ्हाइतासारखं बघता येत नाही. पुढे असंही कळतं की मरणाचा क्रमही हिशोबानं लावलाय: ज्याचा अपराध कमी तो आधी सुटला, ज्याचा जास्त त्याला जास्त वाट पाहावी लागली. मरण सगळ्यांना सारखंच, शिक्षा म्हणजे मधला वेळ. मग लक्षात येतं की शेवटच्या पानापर्यंत तो वेळ वाचकानंही काढलाय.

हा वेळ कसा वाटलाय तेही बघण्यासारखं आहे. १६ प्रकरणं, मग पोलिसांचं छोटंसं उपसंहाराचं प्रकरण आणि शेवटी एक हस्तलिखित. पहिला बळी चौथ्या प्रकरणाच्या शेवटी, म्हणजे पाव पुस्तक संपल्यावर. तोवर नुसते प्रवास, पत्रं, ओळखीपाळखी. नवव्या प्रकरणापर्यंत तीन. उरलेल्या सात प्रकरणांत सात. नवशिका लेखक उलट करतो. पहिल्या पानावर प्रेत टाकतो आणि मग दीडशे पानं चौकशीत घालवतो, वाचक पेंगतो.

आता परत नाश्त्याकडे. दहा जणांच्या डोक्यात शिरून लिहायचं आणि त्यांतला एक खुनी असायचा, ही या कादंबरीतली सर्वांत अवघड कसरत. डोक्यात शिरलं नाही तर तो एकटाच बंद राहून ओळखू येईल. शिरून खोटे विचार दाखवले तर ती वाचकाची फसवणूक. ख्रिस्तीनं काढलेली वाट अशी: सहा जणांच्या मनातले विचार सलग लिहिले, पण कुणाचा कोणता ते लिहिलंच नाही. एक जण संध्याकाळपर्यंत किती बाहुल्या राहतील ते मोजतोय. एकाला हरवलेल्या लाल पडद्याचा अर्थ लागत नाहीये. आणि मधेच एक विचार असा की त्या मूर्खाला माझं सगळं बोलणं खरं वाटलं, सोपं होतं, पण जपून राहायला हवं. हा खुन्याचा विचार, उघड्यावर ठेवलेला. कुठलंच खोटं नाही. आपण मागे जाऊन तो सहाही जणांच्या तोंडी घालून बघतो आणि वाईट म्हणजे जवळजवळ सगळ्यांना बसतो. त्यानंतर लगेच पुन्हा अंडी आणि मार्मलेड. तेराव्या प्रकरणात, पाच जण उरल्यावर, तिनं हीच युक्ती पुन्हा वापरली आहे. तिथे विचार जास्त तुटक आहेत, माणसं जनावरांसारखी एकमेकांना हुंगतायत.

तो लाल पडदा बाथरूममधला. त्याच सुमारास मोलकरणीला हाकलणाऱ्या त्या बाईच्या, मिस ब्रेंटच्या, करड्या लोकरीच्या दोन लडीही सापडत नाहीत. माणसं मरतायत तिथे लोकरीची काय कथा! वाचक पुढे जातो. तीनच प्रकरणांनी पडदा आणि लोकर एकत्र दिसतात तेव्हा अंगावर काटा येतो, कारण दोन्ही आपल्याला सांगून नेलेलं होतं. धागा लपवायची ही तिची जुनी खोड: वस्तू अंधारात ठेवायची नाही, घरगुती कुरकुरीत ठेवायची.

अनुवाद करणाऱ्याची खरी परीक्षा मात्र त्या बडबडगीतात आहे. एका ओळीत चार शिपाई समुद्रावर जातात आणि एकाला ‘रेड हेरिंग’ गिळतो. हेरिंग हा मासा. धुरावून तांबूस केलेला हेरिंग म्हणजे रेड हेरिंग. आणि इंग्रजीत त्याचा दुसरा अर्थ हूल, मुद्दाम चुकीच्या वाटेला लावणारा धागा. म्हणजे लेखिकेनं भिंतीवर टांगलेल्या गाण्यातच लिहून ठेवलंय की या जागी तुम्हाला फसवलं जाईल. रहस्यकथेच्या इतिहासात एवढा निर्लज्ज सुगावा क्वचितच असेल. मराठीत काय करायचं? सुका बोंबील आपल्याकडे आहे, पण तो कुणाची दिशाभूल करत नाही, उलट गल्लीच्या तोंडापासून घराचा पत्ता सांगतो. ‘लाल मासा’ लिहिलं तर सुगावाच मेला. ‘हूल’ लिहिलं तर सुगावा जरुरीपेक्षा मोठ्यानं ओरडतो. त्यातल्या त्यात ‘एकाला नेलं हुलकावणीनं’ असं काही यमकात बसवता येईल, कारण लाटही हुलकावणी देते. बाकी बेटाच्या मालकाची आद्याक्षरं सोपी आहेत: यू. एन. ओवेन. मोठ्यानं म्हणा, अननोन ऐकू येतं आणि तो शब्द आता मोबाईलच्या कृपेनं प्रत्येक मराठी घरात आहे.

नक्कल करणाऱ्यांचं जिथे फसलं ती जागा बहुतेकदा शेवट असते. त्याची सुरुवात खुद्द ख्रिस्तीनंच केली. १९४३ मध्ये लंडनच्या रंगभूमीसाठी तिनं नाटक केलं, तेव्हा बडबडगीताचा दुसरा, लग्नाचा शेवट वापरून दोघांना जिवंत ठेवलं. १९४५ च्या हॉलिवूड चित्रपटानं तोच शेवट घेतला. आपल्याकडे राजा नवाथे यांनी १९६५ मध्ये ‘गुमनाम’ केला, त्यातही मूळ कल्पना हीच: विमानातून उतरलेले प्रवासी, निर्जन जागा, एकेकाचा खून. गाणी आणि मेहमूदचा बटलर लोकांना अजून आठवतो, पण नायक-नायिका वाचणार हे पोस्टरवरूनच कळतं. दोघं वाचणार हे ठरलं की वजाबाकी दोनावर थांबते आणि भीती तिकडेच संपते. मूळचा शेवट पडद्यावर हिमतीनं ठेवला तो १९८७ च्या रशियन चित्रपटानं.

इथे मराठी वाचकाची एक अडचण जास्त आहे. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाडवर वाढलेल्या पिढ्यांना सवय अशी की कुणीतरी येणार. खिडकीतून, पाइपवरून, वेषांतर करून, पण येणार. या कादंबरीत कुणी येत नाही. ख्रिस्तीचे दोन्ही नावाजलेले गुप्तहेर या पुस्तकात पाऊल ठेवत नाहीत. पोलीस येतात, पण सगळं संपल्यावर.

आणि पोलिसांचं ते छोटं प्रकरण शेवटच्या कबुलीपत्रापेक्षा सरस आहे. बाटलीत घालून समुद्रात टाकलेलं हस्तलिखित एका मच्छीमार बोटीला सापडतं, ही सोय जरा फारच सोयीची आहे. त्यात खुनी स्वतःकडे बोट दाखवणारे तीन सुगावे मोजून देतो, पण त्यांवरून आधीच कुणी ओळखलं असेल असं वाटत नाही. सांगायला बेटावर कुणी उरलंच नव्हतं, म्हणून बाटली. ती माफ करावी. त्याआधी मात्र स्कॉटलंड यार्डचे दोन अधिकारी टेबलाशी बसून नुसता हिशोब करतात. बेटावर दहा प्रेतं. डायऱ्या सापडल्यात, त्यावरून पहिले कोण गेले ते लागतं. मग शेवटचे काही. हा शेवटचा धरला तर? नाही बसत. तो धरला तर? त्याला कुणी मारलं? एकेक नाव घ्यायचं, शून्यापर्यंत यायचं आणि दर वेळी कुठेतरी अडायचं. एका खोलीत एक खुर्ची होती. शेवटच्या माणसानं ती पायानं लाथाडलेली असणार, त्याशिवाय ते मरण घडूच शकत नाही. म्हणजे ती जमिनीवर आडवी पडलेली सापडायला हवी होती.

पोलीस आले तेव्हा ती उचलून, इतर खुर्च्यांसारखी, भिंतीला नीट लावून ठेवलेली होती.